हरलेल्यांच्या गावात जागरण

युरोपात पाय ठेवला की मराठी माणूस गुणाकाराला बसतो. पाण्याची बाटली गुणिले शंभर, कॉफी गुणिले शंभर आणि रेल्वे स्टेशनावरची मुतारीसुद्धा गुणिले शंभर. यातला शेवटचा गुणाकार फार जिव्हारी लागतो. आमच्या साडूंनी व्हिएन्नात तो इतका मनाला लावून घेतला की दुपारनंतर त्यांनी पाणी पिणंच सोडून दिलं.

बुडापेस्टला उतरलो आणि गणित उलटं फिरलं. हंगेरी 2004पासून युरोपीय संघात आहे, पण त्यांनी नाणं आपलं आपल्याकडेच ठेवलंय. फोरिंट. आणि रुपयाला साधारण चार फोरिंट मिळतात. म्हणजे इथे सरळ भागिले चार! परदेशात आपला रुपया कुणापेक्षा तरी वजनदार आहे, ही भावना माणसाच्या चालण्यात दिसते. साडू छाती काढून चालायला लागले. वीस हजारांची नोट हातात आली तेव्हा ती उजेडात धरून ते इतका वेळ न्याहाळत राहिले, की त्यांच्या पत्नी, आमच्या ताई, म्हणाल्या, "अहो, पाकिटात घाला आता, लोक बघतायत."

हे वैभव पहिल्या मेन्यूकार्डापर्यंत टिकलं. सूपसमोर तीन हजारांच्या वरचा आकडा होता. भागिले चार केलं तरी आठशे रुपयांचं सूप ते आठशे रुपयांचंच. साडूंची छाती पूर्ववत झाली.

तरी फोरिंटला नावं ठेवू नयेत. त्याच्या आधीच्या चलनाचं नाव पेंगो. 1946च्या जुलैमध्ये त्या पेंगोची जी दशा झाली, तशी जगात कुठल्याच चलनाची आजवर झालेली नाही. दर पंधरा तासांनी भाव दुप्पट! सकाळी पगार घेऊन निघालेल्या माणसाने वाटेत मित्राशी गप्पा मारल्या, तर घरी पोचेपर्यंत पगाराचा चहा होत असणार. शेवटी शेवटी एकावर वीस शून्यं होतील एवढ्या किमतीची नोट निघाली. रस्ते झाडणारा माणूस झाडूने नोटांचा ढीग लोटतोय, असा त्या वेळचा फोटो आहे. 1 ऑगस्ट 1946 रोजी फोरिंट आला आणि लोकांनी पुन्हा पैसे मोजायला सुरुवात केली.

ही गोष्ट आम्हाला सांगणारा मनुष्य हसत हसत सांगत होता. मला ते आधी चमत्कारिक वाटलं. मग लक्षात आलं की हे गावच तसं आहे. यांच्याकडे पराभवांचा भरपूर साठा आहे आणि तो ते आल्यागेल्याला हौसेने उघडून दाखवतात.

यादी मोठी आहे. 1526 साली मोहाचच्या मैदानावर तुर्कांशी गाठ पडली. दोनेक तासांत सैन्याचा निकाल लागला आणि विशीतला राजा दुसरा लायोश पळताना ओढ्यात बुडून मेला. 1848-49मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध बंड केलं, ते रशियाची फौज येऊन मोडलं. पहिलं महायुद्ध हरले, 1920च्या तहात देशाचा दोनतृतीयांश मुलूख गेला. दुसरं महायुद्धही हरलेल्या बाजूने लढले. 1954ला फुटबॉलच्या विश्वचषकात ज्या पश्चिम जर्मनीला साखळी सामन्यात 8-3 असं लोळवलं, तिच्याशीच अंतिम सामन्यात 2-0 अशा आघाडीवरून 3-2ने हरले. 1956ला सोव्हिएत सत्तेविरुद्ध उठले, ते रणगाड्यांनी चिरडलं. एखादं गाव इतक्या वेळा हरल्यावर दारं लावून बसलं असतं. हे गाव रात्री दहानंतर दारं उघडतं.

आपल्याकडे पानिपत आहे. अडीचशे वर्षं उलटून गेली तरी क्रिकेटची टीम हरली, उमेदवार पडला, की दुसऱ्या दिवशी मथळ्यात पानिपत. लहान नुकसान मोठं करून दाखवायचं असलं की आपण पानिपत काढतो. हंगेरियन माणूस मोहाच काढतो, पण उलट कारणासाठी. बस चुकली, पाकीट मारलं गेलं, लग्न मोडलं, की "मोहाचला याहून जास्त गेलं होतं" म्हणायचं आणि पुढचा ग्लास मागवायचा. हे शहाणपण आहे की व्यसनाला दिलेलं ऐतिहासिक कारण, यावर माझं आणि साडूंचं अजून एकमत व्हायचंय.

या सगळ्या पराभवांत माझा आवडता 1541चा. सुलतान सुलेमान बुडाच्या किल्ल्याबाहेर तळ देऊन बसला होता. त्याने हंगेरीचा तान्हा राजपुत्र आणि त्याचे सरदार यांना तंबूत बोलावलं. पाहुणचार सुरू झाला. इकडे त्याचे जानिसारी शिपाई दोघंतिघं मिळून, इमारती बघायला आल्यासारखे, कमानी न्याहाळत, निवांत किल्ल्यात शिरले. पुरेसे जमल्यावर त्यांनी दरवाजे ताब्यात घेतले. सरदारांचं जेवण आटोपेपर्यंत किल्ला गेलेला, तो 1686पर्यंत परत मिळाला नाही. थोडक्यात, बुडा पर्यटकांनी जिंकला. आज पेस्टच्या मध्यवस्तीत दारादारांना भाडेकरू पर्यटकांच्या किल्ल्यांच्या छोट्या पेट्या लटकलेल्या दिसतात, तेव्हा वाटतं की पद्धत अजून तीच आहे, फक्त हल्ली आगाऊ बुकिंग करून येतात.

(बुडा आणि पेस्ट ही डॅन्यूब नदीच्या दोन काठांवरची दोन गावं. बुडा डोंगरावर, पेस्ट सपाटीवर. 1873 साली तिसऱ्या ओबुडाला बरोबर घेऊन त्यांचं एक शहर झालं. तरी बुडाकर पेस्टकरांना गोंगाटी समजतात आणि पेस्टकर बुडाकरांना आळशी. नदीच्या दोन काठांवर वसलेल्या कुठल्याही गावच्या माणसाला हे समजावून सांगायला नको.)

पण मराठी मन खऱ्या अर्थाने गहिवरतं ते 1896च्या कथेने. मग्यार टोळ्या या प्रदेशात येऊन स्थिरावल्या, त्याला हजार वर्षं होत आली होती. सोहळा करायचा ठरलं. पण नेमक्या आल्या कधी? विद्वानांना विचारलं. विद्वानांनी सांगितलं, 888 ते 900च्या दरम्यान केव्हातरी. सरकारने त्यातून 895 हे साल धरलं. मग तयारीच वेळेत होईना. बांधकामं रेंगाळली. तेव्हा त्यांनी अत्यंत साधा उपाय केला. सोहळा एक वर्ष पुढे ढकलला आणि त्याबरोबर पूर्वजांचं आगमनही 896वर नेऊन ठेवलं. कंत्राटदार लांबवतोय म्हणून पूर्वजांनाच वर्षभर वेशीवर थांबवणारं सरकार मी दुसरं ऐकलेलं नाही. साडूंना भरून आलं. "चाळीस वर्षं बांधकाम खात्यात नोकरी केली," ते म्हणाले, "पण हे आम्हाला सुचलं नाही."

एकदा साल ठरलं, मग ते दगडात कोरलं. पार्लमेंटचा घुमट 96 मीटर आणि बॅसिलिकाचाही 96 मीटर. त्याच वर्षी अंद्राशी मार्गाखालून भुयारी रेल्वे सुरू झाली, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. ती आजही धावते. पिवळे, बुटके डबे, पांढऱ्या फरशांची स्टेशनं, आणि जमिनीखाली इतकी थोडी खोल, की जिना उतरायला सुरुवात करेपर्यंत संपतो. आमच्या ताईंचे गुडघे ही गोष्ट सतराव्या शतकातल्या कुठल्याही चर्चपेक्षा जास्त काळ लक्षात ठेवतील.

पार्लमेंट मात्र बघायलाच हवं. 268 मीटर लांब, 691 खोल्या. 1904मध्ये पुरं झालं. ज्याने आखलं तो श्तेइन्डल इम्रे शेवटी दृष्टी गमावून बसला आणि पुरं होण्याआधीच वारला. ते बांधलं तेव्हा राज्य प्रचंड होतं. पुढे सोळा वर्षांत मुलूख गेला आणि वाडा तेवढा राहिला. दोन सभागृहांपैकी एक आता वापरातच नाही, तिथे पर्यटकांना फिरवतात. त्याच्या बाहेरच्या ओसरीत खिडक्यांशी पितळी पट्ट्या लावल्यात. त्यांवर खाचा आणि खाचांना नंबर. हे सदस्यांचे सिगार ठेवायचे स्टँड. आत कुणी चांगलं बोलायला उभं राहिलं, की आपल्या नंबरावर पेटता सिगार ठेवून आत जायचं. भाषण रंगलं तर सिगार जळून जायचा, कंटाळवाणं असलं तर वेळेत येऊन उचलता यायचा. वक्त्याचं मोल म्हणे राखेवर ठरे. आपल्याकडच्या सभागृहांत अशी सोय केली असती, तर तंबाखूची केवढी बचत झाली असती!

पोटाकडे वळतो, कारण आम्ही वळलोच होतो.

मिरची हा हंगेरियन माणसाचा आणि मराठी माणसाचा सारखाच गैरसमज आहे. आपण समजतो ती आपली, ते समजतात त्यांची. खरं तर ती अमेरिकेतली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी गोव्यातून आणली, त्यांच्याकडे तुर्कांच्या राज्यात पोचली, आणि दोन्हीकडे लोकांनी तिला असं घरात घेतलं की मूळ कुणी विचारू नये. 1897ला बांधलेल्या मोठ्या बाजारात छताला मिरच्यांच्या माळा, खाली गोड-तिखटाच्या पुड्या, सेगेदची आणि कालोचाची कुठली सरस यावर वाद. तळघरात लोणच्यांची दुकानं आहेत. तिथे काकड्या, टोमॅटो, मिरच्या बरणीत अशा रचतात की काचेतून हसरी तोंडं दिसावीत. डोळ्यांच्या जागी काही तरी काळं, ओठांच्या जागी लाल मिरचीची फाक. ताईंनी बरणी गोल फिरवून सगळ्या बाजूंनी बघितली आणि विचारलं, "तेल कुठाय?" विकणारीने हसऱ्या तोंडाकडे बोट दाखवलं. संवाद तिथेच खुंटला.

गुयाश म्हणजे घट्ट रस्सा अशी समजूत करून आलेल्यांनी सावध राहावं. ते सूप आहे. गुराख्यांचं, पातळ, बटाटा-मांसाचं, तांबूस. पर्यटकांना हवा असतो तो घट्ट रस्सा म्हणजे पॉर्कोल्ट, आणि तो दुसऱ्या पानावर असतो. टेबलावर एरोश पिश्ता नावाच्या लाल चटणीची बाटली होती. वेटरने "जपून" असं खुणेने सांगितलं. साडूंनी चमचाभर घेतली, चाखली, आणखी चमचाभर घेतली. खारट जास्त, तिखट बेताचं. मग ताईंनी पर्समधून ठेच्याची डबी काढली आणि वेटरला सुरीच्या टोकावर चाखायला दिला. त्यानंतर त्या टेबलावर आमची ऑर्डर नेहमी आधी येऊ लागली.

मिरचीवरून एका नवऱ्याची हकीकत सांगायलाच हवी. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी सेगेदच्या विद्यापीठात शास्त्रज्ञ होते. जीवनसत्त्व क पुरेशा प्रमाणात कशातून काढावं, हे त्यांना सापडत नव्हतं. एका रात्री जेवायला ताजी मिरची होती. त्यांना ती खायची इच्छा नव्हती. सुटकेचा मार्ग शोधताना त्यांच्या मनात आलं, की ही एक भाजी आपण कधी तपासलेली नाही. ती घेऊन ते सरळ प्रयोगशाळेत गेले, आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्यांना कळलं, की ही तर खाणच आहे. ही कथा त्यांची त्यांनीच सांगितलेली. 1937ला त्यांना नोबेल मिळालं. पानातली भाजी टाळण्याचे इतके मार्ग मराठी नवऱ्यांनी आजवर शोधले, पण त्यातला एकही स्टॉकहोमपर्यंत पोचला नाही. मी हे बोललो तेव्हा आमच्या सौ. एवढंच म्हणाल्या, "त्यांनी ताटातली उचलून नेली तरी. तुम्ही मोबाइल बघत बसता."

सौ. शाकाहारी. हंगेरीत शाकाहाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः तळलेलं चीज येतं. दुपारी तळलेलं चीज, रात्री तळलेलं चीज, आणि वेटरला आपण फार मोठा तोडगा काढला असं वाटत असतं. त्यातून सुटका केली लांगोशने. मैद्याची थाळीएवढी तळलेली पोळी, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. ही खाऊन माणूस दुपारी कुठलाही इतिहास बघू शकत नाही. दुसरी सुटका आंबट चेरीच्या गार सुपाने केली. जेवणाच्या सुरुवातीला गोड, गुलाबी, बर्फगार सूप आलं म्हणून साडूंनी वेटरला "आधी जेवण, मग हे" असं सांगून परत पाठवलं. तो आणखी मोठं बोल घेऊन आला. दुकानातल्या फ्रिजमध्ये तूरो रूदी नावाची एक कांडी मिळते. बाहेर चॉकलेट, आत चक्का. 1968पासून देशभरची पोरं ती खातायत. आम्हीही खाल्ली, कागदांचा हिशोब ठेवला नाही.

आता स्नानाकडे. बुडापेस्टच्या पोटात गरम पाण्याचे झरे आहेत आणि तुर्कांनी हरवून जे काही दिलं त्यात मिरचीनंतर हेच मोलाचं. रुदाश नावाचं स्नानगृह त्यांनीच सोळाव्या शतकात बांधलं. आठ खांबांवर दगडी घुमट, त्याला छोटी गोल भोकं, त्यातून प्रकाशाच्या तिरप्या रेघा वाफेत उतरतात. मधे अष्टकोनी कुंड 36 अंशांचं, कोपऱ्यांत छोटी कुंडं, कुठे 28, कुठे थेट 42. पुरुषांचे वार वेगळे, बायकांचा वेगळा. पुरुषांच्या दिवशी आत जाताना हातात एक कापडी अॅप्रन देतात. पुढून पुरेसा. मागे फक्त नाडी. तो घालून साडू बाहेर आले ते भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे चालत. सगळं स्नानगृह तसं चालत नव्हतं, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. तिथली वयस्क मंडळी अगदी मोकळेपणी, पुढेमागे कसलाही विचार न करता हिंडत होती. एकदा पाण्यात गळ्याएवढं बुडालं की सगळे सारखेच. शुक्रवार-शनिवारी हे कुंड रात्री उशिरापर्यंत सुरू असतं. नाइटलाइफ या प्रकाराला आमच्या पिढीने घाबरू नये, त्यात गुडघे शेकण्याचीही सोय आहे.

सेचेनी स्नानगृह याच्या उलट. पिवळं, राजवाड्यासारखं, उघड्या आकाशाखाली. तिथे पोट सुटलेले आजोबा छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात. वजीर मारला तरी कुणाचा चेहरा हलत नाही, फक्त पाणी थोडं हलतं. हे स्नानगृह 1913चं. त्याच वर्षी याच शहरात आपली अमृता शेरगिल जन्मली, हंगेरियन आईच्या आणि शीख बापाच्या पोटी. तिच्या चित्रांतल्या बायका इतक्या निवांत का बसलेल्या असतात, याचं एक उत्तर मला त्या पाण्यात मिळाल्यासारखं वाटलं. कलासमीक्षकांना ते पटणार नाही.

आणि मग रात्र.

पेस्टच्या जुन्या इमारती रस्त्याकडून भारदस्त. आत शिरलं की मधे चौक आणि चारी बाजूंना मजल्यामजल्यावर लोखंडी कठड्याचे लांब सज्जे, सज्ज्यांवर ओळीने बिऱ्हाडांची दारं. थेट गिरगावातली चाळ. कुणाकडे कोण आलं, केव्हा आलं, केव्हा गेलं, हे सगळ्या मजल्यांना एकदम दिसावं अशी रचना. खाली राखणदार राहायचा, हाझमेश्टेर. तो रात्री दरवाजा बंद करी. त्यानंतर येणाऱ्याने बेल वाजवायची, तो झोपेतून उठून उघडणार, आणि त्याच्या हातावर पैसे टेकवायचे. त्या पैशाला नावही होतं, दारपैसा. म्हणजे या शहरात रात्रीच्या मौजेवरचा पहिला कर एका पेंगुळलेल्या माणसाने लुंगीच्या ऐवजी नाइट-गाऊन घालून वसूल केलेला आहे. त्यावर तोडगा न्यूयॉर्क कॅफेत निघाला. 1894ला ते कॅफे उघडलं, तेव्हा लेखक मंडळींनी दाराची किल्ली नेऊन डॅन्यूबमध्ये टाकली, म्हणजे ते कधी बंदच होऊ नये, अशी दंतकथा आहे. लेखकांना तिथे कागद आणि शाई फुकट मिळे, आणि स्वस्तात एक ताट. आज तिथे संगमरवर, झुंबरं आणि बाहेर रांग. रांगेत एकही लेखक नसावा, दर बघता.

आम्हाला जायचं होतं सातव्या वॉर्डात, पडक्या वाड्यांतल्या बारांमध्ये. हे वाडे पडके का झाले, याला कारण आहे. हा ज्यूंचा मोहल्ला. 1859चं दोहान्य रस्त्यावरचं सिनेगॉग इथेच, युरोपातलं सर्वांत मोठं. 1944च्या हिवाळ्यात भोवती कुंपण घालून इथे घेट्टो केली, आणि जानेवारी 1945मध्ये सोव्हिएत फौजा आल्या तेव्हा आत सुमारे 70 हजार माणसं होती. सिनेगॉगच्या अंगणात त्या हिवाळ्यात मेलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांना पुरलंय. नदीकाठी पार्लमेंटजवळ लोखंडाचे साठ जोड बूट आहेत, 2005 साली मांडलेले. त्याच हिवाळ्यात ज्यू माणसांना काठावर उभं करून, आधी बूट काढायला लावून, मग गोळ्या घालत. त्यात लहान मुलांचे बूटही आहेत. आमच्यातलं कुणी तिथे फोटो काढायला थांबलं नाही.

रिकामी झालेली घरं पुढे सरकारजमा झाली, दुरुस्ती कुणी केली नाही, आणि 1989नंतर बिल्डर आले. पाडापाडी सुरू व्हायच्या मधल्या काळात काही पोरांना सुचलं, की पाडेपर्यंत तरी इथे खुर्च्या टाकू. सिम्प्ला नावाचा पहिला बार 2002ला सुरू झाला आणि 2004पासून काझिन्त्सी रस्त्यावरच्या, पाडायला निघालेल्या एका इमारतीत आहे. ती इमारत अजून पडलेली नाही.

दारातून आत गेलो आणि साडू जागच्या जागी थांबले. त्यांच्यातला निवृत्त अधिकारी जागा झाला. गिलावा गळून विटा उघड्या पडलेल्या, वरच्या गॅलरीला लोखंडी टेकू, भिंतीतून बाहेर आलेल्या वायरी, त्यांना रंगीत दिवे. "सी-वन," ते हलक्या आवाजात म्हणाले. "ताबडतोब रिकामी करा." रिकामी होण्याऐवजी मागून वीसेक ब्रिटिश तरुण आत शिरले. त्यातल्या एकाचं लग्न ठरलेलं असावं, कारण त्याने परीचे पंख लावले होते. आत चौकात एक त्राबांत गाडी, पूर्व जर्मनीतली, छप्पर काढलेली, तिच्यात टेबल. एका बाजूला जुना बाथटब मधोमध कापून त्याचा कोच केलेला. साडू त्यात बसले नाहीत, आधी खालून हात लावून बघितला.

सौ. आणि ताई पिणाऱ्यांतल्या नाहीत. इथे आपल्याला काही मिळेल ही आशा त्यांनी सोडलेली असतानाच एक बाई टोपली घेऊन आली. टोपलीत सोललेली, कच्ची, लांबलचक गाजरं! बारमध्ये, मध्यरात्री, गाजरं. तळलेल्या चीजने गांजलेल्या सौ.च्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेला नाही.

साडूंनी फ्रोच मागवला. म्हणजे वाइनमध्ये सोडा. येडलिक आन्योश या पाद्री-शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सोडा बनवायची सोय केली आणि तेव्हापासून हा देश वाइन पातळ करून पितोय. पण पातळ करण्यालाही शिस्त आहे. एकास एक असेल तर छोटा फ्रोच, दोनास एक तर मोठा. एक वाइन-दोन सोडा म्हणजे लांब पाऊल. तीनास दोन म्हणजे राखणदार. आणि दोनास तीन म्हणजे उपराखणदार! साडूंचा आयुष्यभर काँक्रीटच्या मिश्रणाशी संबंध. प्रमाण कळलं की त्यांना माणूस कळतो. त्यांनी राखणदार, उपराखणदार असं करत सगळा कर्मचारीवर्ग तपासला, आणि टेकूंविषयीचा त्यांचा आक्षेप हळूहळू मावळला. "लोड घेतोय तसा," ते गॅलरीकडे बघत म्हणाले.

शेजाऱ्यांचे हाल मात्र खरे आहेत. वरच्या मजल्यांवर अजून बिऱ्हाडं आहेत, म्हातारी माणसं आहेत, आणि खाली पहाटेपर्यंत पंखवाले नवरदेव. 2018 साली वॉर्डात सार्वमत घेतलं, मध्यरात्रीनंतर बार बंद करावेत का म्हणून. मतदानाला पुरेशी माणसंच आली नाहीत, सार्वमत बाद. रात्रभर झोप न झालेली मंडळी रविवारी सकाळी झोपून राहिली असावीत.

नंतर साडूंनी बिअर घेतली, मीही घेतली, आणि साडूंनी "चिअर्स" म्हणून ग्लास पुढे केला. बारवरच्या पोराने धावत येऊन हात मधे घातला. इथे बिअरचे ग्लास एकमेकांना आपटत नाहीत. 1849ला बंड मोडल्यावर ऑस्ट्रियाने 6 ऑक्टोबरला आराद गावी तेरा हंगेरियन सेनानींना मृत्युदंड दिला, आणि त्या आनंदात ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे ग्लास एकमेकांवर आपटले, अशी कथा. तेव्हा हंगेरियनांनी शपथ घेतली, दीडशे वर्षं बिअरचे ग्लास आपटायचे नाहीत. ते आराद गावही आता रोमानियात आहे.

साडूंनी बोटांवर हिशोब केला. भागाकाराची गरज नव्हती. "म्हणजे 1999लाच संपली की मुदत."

"संपली," पोरगा म्हणाला. "पण माझी आजी अजून आहे."

साडूंनी समोर बसलेल्या ताईंकडे एकवार बघितलं आणि ग्लास मुकाट्याने खाली घेतला. गाजरांबाबत हंगेरीच्या इतिहासात काहीच घडलेलं नाही, याची सौ.नी त्या पोराकडून खात्री करून घेतली. मग दोघी बहिणींनी हात लांब करून, सगळा चौक बघेल अशा थाटात, गाजरावर गाजर आपटलं. ताईंचं मोडलं. साडू खाली वाकून तुकडा शोधायला लागले, आणि टेबलाचा एक पाय विटेवर उभा आहे हे त्यांना तेव्हा दिसलं.